घोड्याने मैदान मोकळं केलं, पण माणसं कशामुळे वाचली? वेम्बली, २८ एप्रिल १९२३

त्या जुन्या न्यूजरीलमध्ये सुरुवातीला मैदान दिसतच नाही. दिसतात टोप्या. कापडी, चपट्या, हजारोंनी टोप्या, मधूनच एखादी गोल बोलर हॅट. त्या टोप्यांच्या समुद्रात एक घोडा उभा आहे. त्याच्या पाठीवर पोलिसाच्या गणवेशातला माणूस. घोडा कुणावर धावून जात नाही. तो आडवा होतो, मागचा भाग हळूच गर्दीकडे वळवतो, एक पाऊल टाकतो आणि थांबतो. पुढची माणसं पाऊलभर मागे सरकतात. मग पुन्हा तेच. आपल्याकडच्या माणसाला हे पाहताना वारीतलं रिंगण आठवल्याशिवाय राहत नाही. फरक एवढाच, की रिंगणात कुणी कुठे उभं राहायचं हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं. इथे कुणालाच काही माहीत नव्हतं.

हा एफए कप या इंग्लंडमधल्या फुटबॉल स्पर्धेचा, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरचा पहिला अंतिम सामना. बोल्टन वाँडरर्स विरुद्ध वेस्ट हॅम युनायटेड. बोल्टनने तो २-० असा जिंकला, पण आज निकाल फार थोड्यांच्या लक्षात आहे. सामना ओळखला जातो तो 'व्हाइट हॉर्स फायनल' म्हणून. घोड्याचं नाव बिली, स्वार पोलीस शिपाई जॉर्ज स्कोरी. बिली खरं तर करड्या रंगाचा होता. त्या काळच्या फिल्मवर तो पांढराशुभ्र उमटला आणि तसाच इतिहासात गेला. त्या दिवशी मैदानात इतरही घोडेस्वार पोलीस होते, पण त्यांचे घोडे गडद रंगाचे. गर्दीच्या काळ्या-करड्या पार्श्वभूमीवर ते दिसले नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षातही राहिले नाहीत.

ही गोष्ट नेहमी एका सुरात सांगितली जाते: बेसुमार गर्दी, एक शहाणा घोडा, आणि सगळं सुखरूप. मला यातला 'आणि' खटकतो. घोड्याचं काम खरंच कौतुकाचं होतं. मात्र सामना व्हावा म्हणून मैदान मोकळं करणं वेगळं आणि माणसं मरू न देणं वेगळं. पहिलं काम बिलीने केलं. दुसरं कशामुळे झालं ते बघायचं तर दुपारपासून सुरुवात करून चालत नाही, तीन वर्षं मागे जावं लागतं.

चुकलेला अंदाज

पहिल्या महायुद्धानंतर १९२०, २१ आणि २२ या तिन्ही वर्षांच्या फायनल चेल्सीच्या मैदानावर, स्टॅमफर्ड ब्रिजवर झाल्या. अनुक्रमे पन्नास हजार, बहात्तर हजार आणि त्रेपन्न हजार प्रेक्षक. मोठ्या मैदानाच्या मानाने आकडे बेताचेच. इकडे वेम्बलीला १९२४ च्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनासाठी 'एम्पायर स्टेडियम' उभं राहत होतं. साडेसात लाख पौंड खर्च, साधारण ३०० दिवसांत बांधून पूर्ण, सव्वा लाखाच्या वर माणसं मावतील एवढं. ते तयार झालं सामन्याच्या जेमतेम चार दिवस आधी. प्रेक्षकांच्या पायऱ्या वजन पेलतात का हे तपासायला माणसांना त्यांवर एका तालात चालवून, नाचवून पाहिलं होतं. थोडक्यात, काँक्रीट किती माणसं पेलेल याची परीक्षा झाली होती. फाटकं किती पेलतील याची झाली नव्हती.

स्पर्धा भरवणाऱ्या फुटबॉल असोसिएशनला (एफए) चिंता होती ती भलतीच. एवढं अवाढव्य स्टेडियम आणि गेल्या वर्षी आले फक्त त्रेपन्न हजार, मग निम्म्या पायऱ्या रिकाम्या दिसल्या तर? राजासमोर नाचक्की. म्हणून सामन्याची जोरात जाहिरात झाली. आगाऊ तिकिटं विकली गेली ती सुमारे ३५ हजार, बाकीच्यांनी त्या दिवशी यायचं आणि फाटकावर पैसे देऊन आत जायचं. त्या काळी हीच रीत होती, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वाटायला हवं होतं. आकडे हाताशी होते, फक्त चुकीचे तीन निवडले गेले. युद्धाच्या आधी फायनल क्रिस्टल पॅलेसला व्हायची. मोठं मैदान, भरपूर जागा. तिथे १९१३ साली ॲस्टन व्हिला आणि सँडरलँड यांच्या सामन्याला एक लाख वीस हजारांहून जास्त लोक आले होते, आणि त्यातला एकही क्लब लंडनचा नव्हता. १९०१ मध्ये लंडनचा टॉटनहॅम फायनलला पोचला तेव्हाही गर्दी लाखाच्या पुढे गेली होती. आणि ज्या तीन 'बेताच्या' फायनलवर भिस्त ठेवली, त्यांतही १९२१ चं वर्ष काहीतरी सांगत होतं: त्या वर्षी पुन्हा टॉटनहॅम होता, पाऊस धो धो कोसळत होता, आणि तरीही तिन्हीत सर्वांत जास्त माणसं त्याच दिवशी आली होती.

आता १९२३ कडे बघा. लंडनच्याच पूर्व भागातला वेस्ट हॅम, तोही दुसऱ्या डिव्हिजनमधून वर उसळलेला, बंदराच्या गोद्यांमध्ये राबणाऱ्यांचा क्लब. शनिवार दुपार. हवा छान. मेट्रोपॉलिटन रेल्वे थेट वेम्बली पार्कपर्यंत. आणि नवंकोरं स्टेडियम, जे सामना नसता तरी लोकांनी बघायला यावं असं. यातली एकेक गोष्ट दहा-वीस हजार माणसं वाढवणारी होती. त्या सगळ्या एकाच दुपारी जमून आल्या.

साडेअकरा ते पावणेचार

साडेअकराला फाटकं उघडली. एक वाजेपर्यंत सगळं शिस्तीत. लोक येत होते, टर्नस्टाइलमधून, म्हणजे माणसं मोजणाऱ्या फिरत्या फाटकातून, एकेक करून आत सरकत होते. खरी लाट एकनंतर आली. पावणेदोनच्या सुमारास फाटकं बंद करायचं ठरलं आणि रेल्वे स्थानकांना तसं कळवण्यातही आलं. पण निघालेली गाडी परत फिरवता येत नाही. वाटेत असलेली हजारो माणसं येतच राहिली आणि बंद फाटकांसमोर साठत गेली.

बंद फाटक म्हणजे उपाय झाला, असं आयोजकाला वाटतं. फाटकाबाहेर उभ्या असलेल्याच्या बाजूने बघा. तो लांबून आलाय, हातात पैसे आहेत, आतून आवाज येतोय, मागून रेटा वाढतोय, आणि पुढे काय चाललंय हे सांगणारं कुणी नाही. ध्वनिक्षेपकावरून सूचना देण्याची आज असते तशी सोय तेव्हा नव्हती. सव्वादोनच्या आसपास कुंपणं आणि अडथळे मोडले. लोक भिंतींवरून चढले, शेजारच्या अर्धवट बांधकामांवरून उतरले. ज्यांच्याकडे रीतसर तिकिटं होती त्यांच्या जागांवर दुसरेच बसलेले होते.

टर्नस्टाइलवर अधिकृत नोंद झाली १,२६,०४७ जणांची. प्रत्यक्षात आत किती होते यावर तेव्हापासून वाद आहे. दोन लाख म्हणणारे आहेत, तीन लाख म्हणणारेही आहेत. मोजणारं यंत्रच ओलांडून माणसं आत आली म्हटल्यावर नेमका आकडा यायचा कुठून?

इथे या प्रकरणाची खरी गोम आहे. पायऱ्या भरल्या. मागून रेटा थांबेना. अशा वेळी पुढच्या रांगेतल्या माणसाला दोनच शक्यता असतात: कठड्याला चेपून घेणं, नाहीतर कठडा ओलांडून पुढे जाणं. वेम्बलीच्या कडेचा कठडा ओलांडता येण्यासारखा होता. त्यापलीकडे शर्यतींची धावपट्टी होती आणि त्यापलीकडे मैदान. आधी धावपट्टी भरली, मग मैदान. काही वेळाने हिरवळीचा तुकडाही दिसेना. गार्ड्स या शाही पलटणींचे बँड मध्येच अडकले होते आणि वाजवत होते.

आयोजकांच्या नजरेने बघितलं तर ही पुरती बेअब्रू होती. छातीवर पडणाऱ्या दाबाच्या हिशोबाने बघितलं तर हेच जीवदान. चेंगराचेंगरीत माणूस सहसा पायाखाली तुडवला जाऊन मरत नाही. तो उभ्या उभ्या मरतो, कारण छाती फुलवायला जागा उरत नाही. वेम्बलीवर तो दाब सुटायला समोर प्रचंड मोकळं मैदान होतं. मैदानच त्या दिवशी आपत्कालीन दरवाजा झालं. कुणी तशी योजना केली नव्हती, पण झालं ते असं.

पावणेतीनला राजे पंचम जॉर्ज आले. राष्ट्रगीत सुरू झालं आणि मैदानातली गर्दी टोप्या काढून गायला लागली. लोक भांडखोर नव्हते. खरं सांगायचं तर त्यांनाही आपण जिथे उभे आहोत तिथे उभं राहायचं नव्हतं. पण मागे जायला जागा नव्हती.

तोवर बोल्टनचे खेळाडूही कसेबसे पोचले होते. त्यांची गाडी मैलभर अलीकडेच अडकली, तेव्हा ते उतरून गर्दीतून वाट काढत चालत आले. फायनल खेळायला निघालेला संघ, आणि आत शिरायला त्याला प्रेक्षकांसारखाच धक्काबुक्कीचा मार्ग.

आणि मग घोडा. स्कोरीची त्या दिवशी वेम्बलीवर नेमणूक नव्हती, त्याला तातडीने बोलावून घेतलं गेलं होतं. पुढे त्याने रेडिओवर सांगितलं, की आत शिरल्यावर डोक्यांशिवाय काही दिसेना आणि हे जमणं अशक्य आहे असंच त्याला वाटलं. मग एका गोलपोस्टजवळ थोडी फट दिसली. बिलीने नाकाने आणि शेपटाकडच्या बाजूने लोकांना हळूहळू मागे सारत गोललाइन मोकळी केली. पुढच्या लोकांना स्कोरीने सांगितलं, एकमेकांचे हात धरा आणि मागे रेटा. टचलाइनपर्यंत, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या रेघेपर्यंत, पोचेस्तोवर पावलापावलाने हेच चाललं. हात धरायला सांगणं ही मला या सगळ्यातली सर्वांत हुशारीची गोष्ट वाटते. पोलिसांची साखळी पुरणार नव्हतीच, त्याने प्रेक्षकांचीच साखळी केली. मात्र ते मागे सरकू शकले, कारण दाब तोपर्यंत मैदानभर पसरून सैल झाला होता. कठड्याला चेपलेल्या माणसाला घोडा दाखवून काय उपयोग?

तीनला सुरू व्हायचा सामना ३ वाजून ४४ मिनिटांनी सुरू झाला.

लाइनीवरचे प्रेक्षक

खेळ सुरू झाला तेव्हा टचलाइन म्हणजे पांढरी रेघ नव्हती, बुटांची रांग होती. कॉर्नर घ्यायचा किंवा थ्रो-इन टाकायचा तर आधी माणसांना बाजूला व्हायची विनंती करावी लागे.

दुसऱ्याच मिनिटाला बोल्टनच्या डेव्हिड जॅकने गोल केला. वेम्बलीवरचा पहिला गोल. त्या क्षणी वेस्ट हॅमचा जॅक ट्रेसडर्न थ्रो-इननंतर गर्दीत अडकलेला होता आणि मैदानात परत यायला धडपडत होता. चेंडू इतक्या जोरात गेला, की जाळीला लगटून उभा असलेला एक प्रेक्षक त्याच्या तडाख्याने खाली कोसळला. (हाच डेव्हिड जॅक पाच वर्षांनी आर्सेनलने दहा हजार पौंडांपेक्षा जास्त मोजून घेतला. इंग्लिश फुटबॉलमध्ये पाच आकडी किंमत पहिल्यांदा पडली ती त्याला.)

अकरा मिनिटं झाली आणि गर्दी पुन्हा आत घुसली. खेळ थांबला. घोडे पुन्हा फिरले. पुन्हा सुरू. मध्यंतराला खेळाडूंना ड्रेसिंग रूमपर्यंत जाता येईना, म्हणून ते मैदानावरच थांबले आणि पाचेक मिनिटांत बाजू बदलून पुढे खेळू लागले.

दुसरा गोल ५३ व्या मिनिटाला बोल्टनच्याच जॅक स्मिथचा, आणि तो आजही वादाचा. वेस्ट हॅमचं म्हणणं, चेंडू पोस्टला लागून परत आला. पंच ॲसन यांचं म्हणणं, चेंडू रेषेच्या आत गेला होता आणि जाळीला टेकलेल्या प्रेक्षकांवर आपटून बाहेर आला. शिवाय अशीही तक्रार होती, की ज्या पासवरून गोल झाला तो देणाऱ्या बोल्टनच्या व्हिझार्डकडे चेंडू कुणा प्रेक्षकाच्या पायाला लागून परत आला होता. गर्दीने नुसता सामना लांबवला असं नाही, गर्दी त्या सामन्यात खेळलीसुद्धा. ॲसन यांना दोष देणं मला जमत नाही. जिथे जाळीच माणसांनी भरलेली, तिथे चेंडू का उसळला हे ते आणखी कशावरून ठरवणार?

वेस्ट हॅमचा कर्णधार जॉर्ज के याने सामना रद्द करण्याविषयी पंचांना विचारलं. बोल्टनचा कर्णधार जो स्मिथ म्हणाला म्हणे, की आमचं छान चाललंय, गरज पडली तर अंधार पडेपर्यंत खेळू. आघाडीवर असलेला संघ आणखी काय म्हणणार! सामन्यानंतर वेस्ट हॅमचा प्रशिक्षक चार्ली पेंटर याने खापर फोडलं ते घोड्यावर: त्याच्या टापांनी मैदानात खड्डे पडले आणि आमचे विंगर (मैदानाच्या कडेने खेळणारे खेळाडू) त्यात अडखळून पडत होते. वेस्ट हॅमचा खेळ विंगवरून चालायचा आणि नेमकी विंगची बाजूच सर्वांत जास्त तुडवली गेली होती, त्यामुळे तक्रार अगदी निराधार म्हणता येत नाही. तरी हजारोंच्या बुटांना सोडून एका घोड्याच्या चार टापांवर सगळं ढकलणं जरा जास्तच.

'काही झालं नाही' हा निष्कर्ष

सुमारे ९०० जणांना किरकोळ दुखापती झाल्या, २२ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, दोन पोलीसही जखमी झाले. मृत्यू एकही नाही.

हा शेवटचा शून्य या प्रकरणात फार महाग पडला. दोनच दिवसांनी ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात चर्चा झाली. गृहमंत्र्यांनी पोलिसांची पाठ थोपटली. खासदार ऑस्वल्ड मोझली यांनी गर्दीला गुंड म्हटलं, तेव्हा पूर्व लंडनचे खासदार जॅक जोन्स उखडले, कारण ती त्यांच्या मतदारसंघातलीच माणसं होती. एफएने ज्या तिकीटधारकांना आपल्या जागेपर्यंत पोचताच आलं नाही त्यांचे पैसे परत केले. पुढच्या वर्षीपासून फायनलला फक्त आगाऊ तिकिटावर प्रवेश, असा नियम झाला. वेम्बलीपुरता प्रश्न तिथे सुटला. हा उपाय १९२३ मध्येही तितकाच सोपा होता.

मग एक समिती नेमली गेली. माजी गृहमंत्री एडवर्ड शॉर्ट तिचे अध्यक्ष. १९२४ च्या अहवालात चांगल्या सूचना होत्या: मैदानात कोणत्या कामाला पोलीस जबाबदार आणि कोणत्या कामाला मैदानाचा मालक हे स्पष्ट असावं, जबाबदार अधिकारी एक असावा, पायऱ्यांचे लहान लहान भाग पाडावेत. पण कायदा करा असं काही समितीने म्हटलं नाही. खेळाच्या संघटनांनाच प्रेक्षकांच्या सुरक्षेची कळकळ आहे, तेव्हा सध्या हे त्यांच्यावर सोडायला हरकत नाही, असा सूर लागला. गंमत म्हणजे ज्या संघटनेच्या सामन्यामुळे समिती बसली, त्या एफएने समितीपुढे साक्ष द्यायलाही नकार दिला होता. ज्याची कळकळ गृहीत धरली तो सुनावणीलाच फिरकला नाही, आणि तरीही जबाबदारी त्याच्याकडेच!

मैदानांच्या सुरक्षेचा कायदा यायला १९७५ साल उजाडलं, आणि तोही ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर १९७१ मध्ये ६६ माणसं गेल्यानंतर. सत्तरच्या दशकात हुल्लडबाजी रोखायला ठिकठिकाणी पायऱ्या आणि मैदान यांच्यामध्ये उंच जाळ्या उभ्या राहिल्या. वेम्बलीवर १९२३ मध्ये जो आपत्कालीन दरवाजा उघडा होता, तो अशा रीतीने बंद झाला. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर पुढच्या रांगेतली माणसं अशाच जाळ्यांना चेपली गेली. ९७ मृत्यू.

बिलीची कीर्ती मात्र टिकली. नवं वेम्बली बांधताना शेजारच्या पादचारी पुलाला लोकांच्या पसंतीने 'व्हाइट हॉर्स ब्रिज' हे नाव मिळालं. स्कोरीला फुटबॉलचं फारसं वेड नव्हतं. एफए त्याला पुढच्या फायनलची तिकिटं पाठवत असे, पण त्याला त्यात रस नव्हता.

या प्रकरणातला दुसरा अंक बोल्टनच्याच घरी घडला. ९ मार्च १९४६, बोल्टनचं मैदान बर्नडेन पार्क, एफए कपची उपांत्यपूर्व फेरी, समोर स्टोक सिटी आणि त्यांचा नामवंत खेळाडू स्टॅन्ली मॅथ्यूज. युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं आणि लोक फुटबॉलला आसुसले होते. मैदानाचा एक भाग युद्धकाळात सरकारने ताब्यात घेतलेला, त्यामुळे त्या बाजूची फाटकं बंद. पैसे फाटकावरच द्यायचे. दोन वाजून चाळीस मिनिटांनी फाटकं बंद केली गेली. लोक भिंतीवरून चढले, रेल्वे रुळांच्या बाजूने आत शिरले. आत गुदमरायला लागलेल्या एका बापाने मुलाला घेऊन बाहेर पडण्यासाठी आतून एक फाटक उघडलं, आणि तिथूनही लोंढा आत आला. सामना सुरू झाल्यावर लगेचच एका कोपऱ्यातले दोन अडथळे मोडले. ३३ माणसं मेली.

खेळ थांबवून संघ आत नेले आणि सुमारे अर्ध्या तासाने परत आणले. मृतदेह मैदानाच्या कडेला कोटांखाली ठेवले होते, म्हणून त्या बाजूला भुशाने नवी टचलाइन आखली गेली. मध्यंतर झालं नाही. संघांनी फक्त बाजू बदलल्या. सामना ०-० असा सुटला आणि स्टोकमधल्या आधीच्या सामन्यातल्या दोन गोलांच्या जोरावर बोल्टन उपांत्य फेरीत गेलं.